बंदुकीचा आवाज, कायदा आणि कान : सायलेन्सरविषयक तरतुदींची एक चिकित्सा

प्रास्ताविक

मराठी माणसाच्या बोलण्यात ‘सायलेन्सर’ हा शब्द येतो तो प्रामुख्याने मोटारसायकलच्या संदर्भात. शहादा, म्हसावद, धडगाव या पट्ट्यातील कोणत्याही गॅरेजवाल्याला तो शब्द समजावून सांगावा लागत नाही. बंदुकीचा सायलेन्सर मात्र आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला आहे तो चित्रपटात. खलनायक पिस्तुलाच्या नळीवर एक लांबट नळकांडे फिरवून बसवतो, ‘फुस्’ असा आवाज होतो आणि शेजारच्या खोलीतील माणसाला काही कळत नाही. ही प्रतिमा मनात इतकी पक्की आहे की, या वस्तूचा कानाच्या आरोग्याशी काही संबंध असू शकेल ही कल्पनाच प्रथमदर्शनी विचित्र वाटते.

अमेरिकेत मात्र सायलेन्सरची बाजू कानाच्याच नावाने मांडली जाते. तेथे १९३४ च्या राष्ट्रीय अग्निशस्त्र अधिनियमान्वये सायलेन्सरची नोंदणी आणि २०० डॉलर कर अनिवार्य करण्यात आला. २०१५ साली हे निर्बंध उठवण्यासाठी जे विधेयक मांडले गेले, त्याचे नावच ‘श्रवण संरक्षण अधिनियम’ असे होते. ते मंजूर झाले नाही. तथापि जुलै २०२५ मध्ये संमत झालेल्या एका व्यापक कायद्याने हा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आणला आणि नोंदणी तेवढी कायम ठेवली. नॉर्वे, फिनलंड, न्यूझीलंड या देशांत शिकारी मंडळी सायलेन्सर सर्रास वापरतात आणि शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून तो वापरणे तेथे सभ्यपणाचेही मानले जाते. भारतात ही वस्तू परवान्याविना बाळगणे हा गंभीर गुन्हा आहे.

प्रस्तुत लेखाचा हेतू भारतात सायलेन्सर खुला करावा असे सुचवण्याचा नाही. किंबहुना तो खुला करू नये असेच लेखकाचे मत आहे. परंतु बंदुकीचा आवाज दाबण्याचे साधन नाकारताना, त्या आवाजाच्या अगदी शेजारी उभे राहणे ज्यांच्या वाट्याला येते त्यांच्या कानांची जबाबदारी कायद्याने घ्यावयास हवी होती, आणि ती घेतली गेलेली दिसत नाही. लेखक मूलतः मराठी साहित्याचा अभ्यासक आहे. त्यामुळे कायद्याकडे पाहण्याची पद्धतही मुख्यतः शब्दांच्या वाचनाची आहे. कायदा काय म्हणतो याइतकेच तो कोणत्या शब्दांत म्हणतो, हे येथे महत्त्वाचे मानले आहे.

व्याख्येचे वाचन

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २(१)(ङ) मध्ये ‘अग्निशस्त्रे’ या संज्ञेची व्याख्या आहे. स्फोटक किंवा अन्य ऊर्जेच्या साहाय्याने प्रक्षेप्य फेकणारी शस्त्रे असा तिचा गाभा असून पुढे काही वस्तूंचा समावेश केलेला आहे. त्यातील दुसऱ्या उपखंडात अग्निशस्त्र झाडताना होणारा आवाज किंवा चमक कमी करण्यासाठी तयार केलेली अथवा तशी जुळवून घेतलेली उपसाधने येतात. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने सायलेन्सर हा बंदुकीचा जोडभाग राहत नाही, तो स्वतःच एक ‘अग्निशस्त्र’ ठरतो. ज्या नळकांड्यातून स्वतंत्रपणे एकही गोळी सुटू शकत नाही त्याला बंदुकीचा दर्जा मिळतो. ब्रिटनच्या १९६८ च्या अग्निशस्त्र कायद्यातही जवळपास अशीच शब्दयोजना आढळते.

या छोट्या उपखंडातील दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली, ‘आवाज’ आणि ‘चमक’ यांची जोडी. कायदेमंडळाला कानाची चिंता असती तर आवाजाच्या शेजारी चमक येण्याचे कारण नव्हते. नळीच्या तोंडाशी क्षणभर उमटणारी ज्वाला कोणाच्या कानाला इजा करीत नाही. आवाज आणि चमक यांच्यात एकच गोष्ट समान आहे : दोन्हींमुळे गोळी कोठून सुटली ते इतरांना कळते. तेव्हा या उपखंडाचा विषय लपणे हा आहे. आवाजाकडे येथे खूण म्हणून, माग म्हणून पाहिलेले आहे. दुसरी गोष्ट म्हणजे ‘जुळवून घेतलेली’ हा शब्दप्रयोग. कारखान्यात तयार झालेली वस्तूच नव्हे, तर दुसऱ्या कामासाठी बनलेले आणि या कामाला लावलेले नळकांडेही त्यात येते. सातपुड्याच्या पलीकडे बडवानी जिल्ह्यातील उमर्टी हे गाव गावठी पिस्तुलांसाठी वर्षानुवर्षे पोलीस कारवायांच्या बातम्यांत येत आहे. जेथे साध्या अवजारांनी पिस्तूल तयार होऊ शकते, तेथे नळकांडे तयार होण्यास कितीसा वेळ? ‘जुळवून घेतलेली’ हा शब्द अनाठायी नाही, हे आपल्या भागातील वाचकाला तरी सांगण्याची गरज नाही.

या व्याख्येचे परिणाम मात्र काटेकोरपणे पाहिले की थोडे चमत्कारिक ठरतात. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली. सायलेन्सर हे जर अग्निशस्त्र, तर शब्दशः वाचन केल्यास एक बंदूक आणि तिचा सायलेन्सर मिळून मर्यादा पूर्ण होते. याच दुरुस्तीनंतर परवान्याविना अग्निशस्त्र बाळगल्यास कलम २५(१ख) अन्वये किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कारावास होऊ शकतो. रिकामे नळकांडे आणि भरलेले पिस्तूल यांना एकाच शिक्षेच्या मापाने मोजणे कोणाला अतिरेकी वाटेल. परंतु भारतीय परिस्थितीत त्यामागे तर्क आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नंतर आपल्याकडे हौशी शिकार कायदेशीर राहिलेली नाही. ज्याच्या कानासाठी नॉर्वेत सायलेन्सर विकला जातो, तो परवानाधारक शिकारी येथे अस्तित्वातच नाही. उरतो तो चोरटा शिकारी, आणि त्याला सायलेन्सर हवा असेल तर तो कानासाठी निश्चितच नव्हे.

शेतकऱ्याचे काय, असा प्रश्न येथे विचारला जाईल. याच अधिनियमाच्या कलम १३(३) मध्ये पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी तोंडाकडून भरावयाच्या, म्हणजे ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. ऊस, केळी, पपई यांची राखण करणाऱ्याला रानडुक्कर मारण्यापेक्षा हाकलायचे असते आणि त्यासाठी त्याला बारच हवा असतो. पिकाच्या राखणीत आवाज हेच हत्यार आहे. मराठीत निष्फळ ठरलेल्या प्रयत्नाला ‘फुसका बार’ म्हणतात, ते या अनुभवातूनच. आवाज न झालेला बार वाया गेलेला बार, असे भाषेने ठरवून टाकले आहे.

गमतीची बाब अशी की, आवाज कमी करणारे हेच यंत्र रस्त्यावर आले की कायदा ते सक्तीचे करतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम १२० नुसार प्रत्येक मोटार वाहनाला, अगदी शेतीच्या ट्रॅक्टरलासुद्धा, सायलेन्सर असलाच पाहिजे. एंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंचा आवाज त्याने शक्य तितका कमी केला पाहिजे. तो काढून टाकणाऱ्या किंवा फोडून घेणाऱ्या बुलेटस्वारावर मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १९०(२) खाली तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. महाराष्ट्रातील अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरवरून रोडरोलर फिरवला, त्याची छायाचित्रे सर्वांनी पाहिली आहेत. या दोन्ही सायलेन्सरांची घराणी एकच आहेत. अमेरिकन अभियंता हायरम पर्सी मॅक्झिम यांना बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट ३० मार्च १९०९ रोजी मिळाले, आणि जवळपास त्याच तत्त्वावर त्यांनी पेट्रोल एंजिनांचा आवाज कमी करणारी साधनेही विकसित केली. त्यांचे वडील हायरम स्टीव्हन्स मॅक्झिम हे १८८४ च्या सुमारास तयार झालेल्या मॅक्झिम मशीनगनचे जनक. आपल्याच तोफांच्या सततच्या आवाजाने उत्तरायुष्यात ते जवळजवळ बहिरे झाले होते. मुलाने वडिलांसाठी सायलेन्सर शोधला असे म्हणण्यास आधार नाही, आणि असा मोह टाळलेलाच बरा.

आवाज हा साक्षीदार

आवाजाला पुरावा मानण्याची कायद्याची ही दृष्टी आपल्या सामाजिक इतिहासाशीही जुळते. मॅक्झिम यांना पेटंट मिळाले त्याच वर्षी, २१ डिसेंबर १९०९ रोजी, नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्यावर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. ते कृत्य भर प्रेक्षागृहात घडले, कान्हेरे तेथेच पकडले गेले. लपण्याचा हेतू त्यात नव्हताच. ज्यांना आपल्या कृतीचा अर्थ जगाला कळावा असे वाटते त्यांना आवाज नको असण्याचे कारण नसते.

उलट बाजूने पाहिले तर आपल्या जिल्ह्याची स्मृती गोळीबाराच्या आवाजाभोवती दोनदा तरी गुंफली गेली आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारमध्ये पोलिसांच्या गोळीबारात बालवीर शिरीषकुमार मेहता आणि त्यांचे सहकारी हुतात्मा झाले. पुढे मे १९७१ मध्ये शहादा तालुक्यातील पाटीलवाडी येथे आदिवासींवर गोळीबार झाला आणि त्यानंतरच्या काळात शेतमजुरांची जी चळवळ उभी राहिली ती ‘शहादा चळवळ’ म्हणून अभ्यासकांना परिचित आहे. पहिल्या प्रसंगी बंदूक राज्याची होती, दुसऱ्या प्रसंगी तिच्यासमोर उभे होते ते भूमिहीन मजूर. दोन्ही वेळा ज्यांच्या हाती बंदूक नव्हती त्यांच्याजवळ एकच गोष्ट होती : गोळी झाडली गेल्याचे इतरांनी ऐकले होते. नंतर तक्रारी, चौकशा, जबाब होतात, तेव्हा ‘आवाज ऐकून आम्ही बाहेर आलो’ हे वाक्य साक्षीचा पहिला धागा असते. शेजारच्या पाड्यापर्यंत आवाज न पोचणारी बंदूक ही दुर्बलाच्या दृष्टीने अधिक भयंकर बंदूक आहे. सातपुड्यातील वनरक्षकालाही रात्री कानावर आलेल्या बारावरूनच कोणत्या नाल्याच्या दिशेने जायचे ते ठरवावे लागते.

सायलेन्सरचे समर्थक यावर असे उत्तर देतात की, प्रत्यक्षातील सायलेन्सर चित्रपटातल्यासारखा मुका नसतो. हे म्हणणे खरे आहे आणि त्याची दखल घेतली पाहिजे. नळीतून गोळीपाठोपाठ तप्त वायू प्रचंड दाबाने बाहेर पडून एकाएकी प्रसरण पावतात, तो बाराचा मुख्य आवाज. सायलेन्सरमध्ये एकामागे एक आडवे पडदे घालून केलेल्या कप्प्यांत हा वायू अडतो, निवतो आणि सावकाश बाहेर येतो. याने साधारणतः २० ते ३५ डेसिबल एवढी घट होते. परंतु ध्वनीपेक्षा वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरहून अधिक वेगाने जाणारी गोळी हवेत जो कडाका निर्माण करते, त्यावर नळीच्या तोंडाशी बसवलेल्या साधनाचा काही उपाय चालत नाही. १६५ डेसिबलचा आवाज १३५ वर आला तरी तो कुजबुज होत नाही. ‘सायलेन्सर’ हे मॅक्झिम यांनी आपल्या मालाला दिलेले व्यापारी नाव होते, आणि व्यापारी नावे नेहमीच थोडी बढाईखोर असतात. तरीही मुद्दा उरतोच. दोन-तीन शेते ओलांडून जाणारा आवाज एका शेतात संपला, किंवा तो कोठून आला हे सांगता येईनासे झाले, तर साक्षीदारांची संख्या घटते. ग्रामीण भागात अंतर हेच सर्व काही असते.

कानाची बाजू

येथपर्यंत कायदा बरोबर आहे. पण तो कानाविषयी काहीच बोलत नाही.

मराठीत मोठ्या आवाजाच्या परिणामासाठी नेमके शब्द आहेत. ‘कानठळ्या बसल्या’, ‘कानात दडे बसले’ असे आपण म्हणतो. या शब्दप्रयोगांत एक आश्वासन दडलेले आहे. बसलेले दडे काही वेळाने सुटतात असे भाषा गृहीत धरते. बहुतेकदा ते सुटतातही. वैद्यकशास्त्र मात्र सांगते की, अंतर्कर्णातील शंखाकृती भागात असलेल्या केसपेशी एकदा नष्ट झाल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. दडे सुटल्यासारखे वाटले तरी प्रत्येक वेळी थोडेसे काही कायमचे गेलेले असू शकते. कारखान्यातील अखंड आवाज कान वर्षानुवर्षे झिजवतो. बंदुकीचा आवाज सेकंदाच्या काही सहस्रांश भागात येऊन जातो, आणि कानाच्या मधल्या भागातील स्नायूंना आकुंचन पावून बचाव करण्याइतकीही सवड देत नाही. या क्षणिक आवाजासाठी १४० डेसिबल ही धोक्याची रेषा सामान्यतः मानली जाते. दाबाच्या भाषेत ती २०० पास्कल होते. लहान .२२ बोअरची रायफलसुद्धा या रेषेच्या आसपास पोचते; मोठ्या बोअरच्या रायफली आणि पिस्तुले १६० ते १७० डेसिबलच्या पुढे जातात. डेसिबलचे माप लघुगणकी असल्यामुळे २० डेसिबलची वाढ म्हणजे दाबात दहापट वाढ, हे विज्ञान शाखेतील सहकाऱ्यांना ठाऊक आहेच.

अशा आवाजाने होणारी हानी प्रथम ४००० हर्ट्झच्या आसपास दिसते. तेथे श्रवणाच्या आलेखात एक खाच पडते. रायफल उजव्या खांद्याला टेकवणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे वळलेला असतो आणि उजव्या कानावर डोक्याची सावली पडते, म्हणून डाव्या कानाची हानी अनेकदा अधिक असते. अशा माणसाला आवाज ऐकू येतो, शब्द मात्र निसटतात. ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ यांसारख्या वर्णांची ओळख उच्च वारंवारितेवर अवलंबून असल्याने ‘साप’ आणि ‘ताप’, ‘सात’ आणि ‘हात’ यांत घोटाळा होतो. शांत खोलीत तो ठीक ऐकतो, गर्दीत चुकतो, आणि घरचे लोक म्हणतात की याचे लक्ष नसते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये श्रवणदिव्यांगत्वासाठी दोन्ही कानांत भाषणाच्या वारंवारितांवर किमान ६० डेसिबलची हानी अपेक्षित आहे. एका कानातील ४००० हर्ट्झची खाच त्या हिशेबात बसत नाही. म्हणजे ज्याला बंदुकीने अर्धवट ऐकू येऊ लागले तो ना धड ऐकणारा, ना कायद्याने दिव्यांग.

सायलेन्सरमुळे मिळणारी २० ते ३५ डेसिबलची घट आणि चांगल्या कर्णरक्षकाने मिळणारी घट यांत मोठे अंतर नाही. फोमचे बोळे किंवा कानावर बसणारे टोपण नीट बसवले तर २० ते ३० डेसिबलपर्यंत संरक्षण देते. दोन्ही एकत्र वापरल्यास आणखी थोडी भर पडते. बोळ्यांची जोडी दोन कप चहाच्या किमतीत मिळते. सायलेन्सरच्या बाजूने दोन मुद्दे प्रामाणिकपणे मान्य करावे लागतील. त्याने शेजारी उभ्या असलेल्या, कानात काहीही न घातलेल्या माणसालाही लाभ होतो. आणि कान बंद केलेल्या शिपायाला हुकूम ऐकू येत नाही ही अडचण त्यात नाही. दुसऱ्या अडचणीवर बोलणे ऐकू देणारी व स्फोट अडवणारी इलेक्ट्रॉनिक कर्णटोपणे निघाली आहेत, पण ती महाग आहेत. पहिल्या मुद्द्याचे उत्तर व्यवस्थेत आहे : मैदानावर बंदूक धरणाऱ्याबरोबरच शेजारी उभ्या प्रत्येकाच्या कानात काहीतरी हवे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल तीन स्थिती प्रकारात कांस्यपदक मिळवणाऱ्या कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांच्या खेळात पात्रता फेरीच साठ फैरींची असते. त्यामागचा सराव किती हजारांचा असेल याची कल्पना करता येते. त्या क्रीडाप्रकारात कर्णरक्षक ही नित्याची गोष्ट झाली आहे. म्हणजे उपाय अज्ञात नाही, अवघडही नाही.

वरणगावचे काडतूस

आपले कायदे कान ओळखतच नाहीत असे मात्र म्हणता येणार नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेत जबर दुखापतीच्या प्रकारांत डोळ्यानंतर लगेच तिसऱ्या क्रमांकावर ‘कोणत्याही एका कानाच्या श्रवणशक्तीचा कायमचा नाश’ आला, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्येही तो तसाच आहे. कोणी एखाद्याच्या कानशिलात लगावून कान कायमचा घालवला तर तो गंभीर गुन्हा. ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० मध्ये निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. फटाक्यांसाठी तर १९९९ पासून स्फोटाच्या जागेपासून चार मीटरवर १४५ डेसिबल (सी) शिखरमूल्याची मर्यादा घातलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी लहान मुलांसाठी अशा आवाजांची मर्यादा १२० डेसिबल सुचवली होती. मोजण्याच्या पद्धती वेगळ्या असल्या तरी फटाका उडवणारे हात प्रामुख्याने मुलांचे असतात, हे मर्यादा ठरवताना कोणी फारसे मनावर घेतलेले दिसत नाही. दिवाळी २०२५ मध्ये मध्य प्रदेशात प्लास्टिकच्या पाइपांपासून केलेल्या कार्बाइड गनमुळे अनेक मुलांच्या डोळ्यांना इजा झाली. त्याची मोठी चर्चा झाली ती डोळ्यांपुरती; इतक्या जवळ तोंड नेणाऱ्या त्या मुलांच्या कानांचे काय झाले असेल, हा विषय चर्चेत क्वचितच आला. ‘कानाडोळा’ या शब्दात कान आधी येतो, व्यवहारात तो मागे पडतो.

सर्वांत बोलका विरोधाभास खानदेशातच सापडतो. भुसावळजवळच्या वरणगाव आयुध निर्माणीत लहान शस्त्रांची काडतुसे तयार होतात. २०२१ पासून ती म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या कंपनीच्या अखत्यारीत आहे. कारखान्यातील कामगाराच्या कानाला कायद्याने जागा दिलेली आहे. कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत आवाजामुळे येणारा बहिरेपणा हा अधिसूचनीय व्यवसायजन्य रोग होता, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेतही असे रोग कळवण्याची तरतूद आहे. कारखान्याच्या आवारात कामगाराचा कान गेला तर तो कोणाला तरी कळवावा लागतो. तेच काडतूस पेटीत भरून फाटकाबाहेर पडते, गोळीबाराच्या मैदानावर पोचते आणि एखाद्या तरुण शिपायाच्या गालाजवळ फुटते, तेव्हा मात्र ते कारखान्याच्या कायद्यातून बाहेर आलेले असते. मैदान हा कारखाना नव्हे, आणि शिपाई हा कामगार नव्हे. शस्त्र अधिनियमाकडे वळावे तर तेथे आवाज आहे, कान नाही.

ही पोकळी भरण्यासाठी नव्या केंद्रीय कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. शस्त्र नियम, २०१६ अन्वये परवान्यासाठी अर्ज करणाऱ्याला सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण घ्यावे लागते. त्या प्रशिक्षणात कर्णरक्षणाला स्वतंत्र धडा देता येईल. पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक बाळगणाऱ्या शेतकऱ्याला परवान्याच्या नूतनीकरणावेळी बोळ्यांची जोडी आणि दोन वाक्यांची सूचना देणे जिल्हा प्रशासनाला अवघड नाही. २०१९ च्या दुरुस्तीने समारंभातील बेदरकार गोळीबारासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड ठरवला. तेथे ‘वैयक्तिक सुरक्षितता धोक्यात आणणे’ असा शब्दप्रयोग आहे. लग्नाच्या मांडवात डोक्याशेजारी झालेल्या बाराने पाहुण्याचा कान गेला तर तेही या शब्दांत बसते असा अर्थ लावण्यास भाषेची काही आडकाठी नाही. न्यायालयापुढे असा युक्तिवाद कोणी करावा, एवढीच अपेक्षा.

महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या दृष्टीने हा विषय आणखी जवळचा आहे. राष्ट्रीय छात्र सेनेच्या निमित्ताने आपल्याच वर्गातील मुले-मुली .२२ रायफल हाती घेतात, आणि आपल्यापैकीच काही सहकारी अधिकारी म्हणून त्यांच्याबरोबर मैदानावर असतात. सातपुड्याच्या पाड्यांवरून येणारा विद्यार्थी भरतीची स्वप्ने घेऊन येतो. पुढे सैन्यात, पोलिसांत किंवा वनखात्यात गेला तर आयुष्यभर तो या आवाजाच्या शेजारी राहणार आहे. त्याच्या कानाची सुरुवातीची स्थिती कोठेतरी नोंदलेली असेल तरच दहा वर्षांनी काय गेले ते सांगता येईल. ग्रामीण रुग्णालयाच्या किंवा फिरत्या शिबिराच्या साहाय्याने वर्षातून एकदा ऑडिओमेट्री करून तो आलेख विद्यार्थ्याच्या हाती देणे हे महाविद्यालयाच्या आवाक्यातील काम आहे. कानात कापसाचे कोरडे बोळे घालून भागवण्याची सवय कोठे असेल तर ती मोडावी, कारण कोरडा कापूस असा आवाज फारसा अडवीत नाही. त्याने फक्त काळजी घेतल्याचे समाधान मिळते.

गोळीबाराच्या मैदानावर हिशेब अतिशय काटेकोर असतो. किती काडतुसे दिली, किती झाडली, किती रिकाम्या पुंगळ्या परत आल्या, याचा मेळ बसल्याशिवाय कोणी घरी जात नाही. एक पुंगळी कमी पडली तरी गवत पिंजून काढले जाते. त्याच नोंदवहीत छात्राच्या नावापुढे आणखी एक रकाना आखता येईल : कर्णरक्षक दिले, होय किंवा नाही. छात्रांबरोबर जाणाऱ्या सहकाऱ्यांनी तो येत्या सत्रापासून आखून घ्यावा.